पडवीतले स्पीकर बोंबलतात आणि हॉलमधले पुटपुटतात? पॅसिव्ह स्पीकरची लेव्हल अशी जुळवा

गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे ओटीवर पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि दुसरं म्हणजे कोणीतरी हौसेने जुन्या ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) आणखी दोन स्पीकर जोडून पडवीत टांगतं, का तर आत भजन चालू असताना बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जावं. मग पडवीतले स्पीकर बोंबलायला लागतात, हॉलमधले पुटपुटतात, आवाज वाढवला की बाहेरून "कमी कर रे" आणि कमी केला की आतून "काय ऐकूच येत नाय". ॲम्पची नॉब एकच, भांडणारे दहा. अशा घरांसाठी हे लिहितोय, देवगड-मालवणपासून गुहागर-दापोलीपर्यंत थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चित्र असतं.

पॅसिव्ह स्पीकर म्हणजे ज्याच्या मागे फक्त लाल-काळी टर्मिनल किंवा स्प्रिंगचे चिमटे असतात, त्याला विजेचा प्लग नाही, स्वतःची नॉब नाही, ॲम्प देईल तेवढंच तो वाजणार. यात एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या, बाकी सगळं त्यावरच आहे. एका ॲम्पवर दोन जोड्या असतील तर एकाच जोडीचा आवाज तुम्हाला वाढवता येत नाही, दुसरीचा कमी करता येतो, बस. म्हणजे आपण बसतो तिथे सगळ्यात हळू कोण वाजतोय ते आधी शोधायचं आणि बाकीच्यांना त्याच्यापर्यंत खाली आणायचं. वरातीत सगळ्यात हळू चालणाऱ्या आजीच्या चालीने वरात चालते, तसं. लोक नेमकं उलटं करतात, हळू वाजणाऱ्याला ढकलत बसतात, म्हणजे ॲम्प फुल करतात, मग ॲम्प क्लिप होतो, म्हणजे त्याची ताकद संपून आवाज फाटतो, आणि पहिला बळी ट्विटरचा, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरचा जातो.

आता थोडं डीबीचं, म्हणजे आवाज मोजायच्या मापाचं बघू, फार नाही. १ डीबीचा फरक कान देऊन ऐकलं तरच कळतो, ३ डीबी म्हणजे ॲम्पला दुप्पट पॉवर द्यावी लागते आणि कानाला मात्र थोडंसंच वाढल्यासारखं वाटतं, आणि आवाज खरंच दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात म्हणजे दहापट पॉवर. स्पीकरच्या मागच्या स्टिकरवर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक पॉवरला तो किती मोठा वाजतो ते लिहिलेलं असतं, एकावर ८६ डीबी आणि दुसऱ्यावर ९० डीबी असेल तर एकाच नॉबवर दुसरा ४ डीबीने मोठा वाजणार, त्यात ॲम्पचा काही दोष नाही. पण स्टिकरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका कारण हा आकडा बऱ्याचदा २.८३ व्होल्टवर दिलेला असतो. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट होतो पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच व्होल्ट म्हणजे २ वॅट, म्हणजे ४ ओहमवाल्याला कागदावर ३ डीबी फुकटचे मिळाले. त्यात स्टिकरवरचा आकडा एक मीटरवरचा असतो, तुम्ही बसता तीन मीटरवर, खोलीत भिंती वेगळ्या. तेव्हा मोजायचं ते आपल्या खुर्चीतच.

पण मोजायच्या आधी फुकटातली कामं उरकून घ्या. समुद्राकाठच्या गावात अर्ध्याहून जास्त वेळा "लेव्हल जुळत नाही" ही तक्रार मुळात लेव्हलची नसतेच, ती खाऱ्या हवेची असते. स्पीकरच्या वायरीचं टोक चिमट्यातून काढून बघा. तांबं लालसर चकचकीत दिसलं तर ठीक, काळं पडलं असेल किंवा वर हिरवट पूड धरली असेल तर तो स्पीकर तुमच्यापर्यंत पूर्ण पोचतच नाहीये. अर्धा इंच कापा, नवीन सोला, तारा पीळ देऊन घट्ट करा, एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये. कधीकधी काळेपणा रबराच्या आत वीतभर शिरलेला असतो, तेव्हा चांगलं तांबं लागेपर्यंत कापत जायचं आणि नाहीच लागलं तर वायर बदलायची. चिमट्यापेक्षा स्क्रूवालं टर्मिनल किंवा बनाना प्लग आपल्याकडे जास्त टिकतो असं माझं मत.

वायरीची जाडीही बघा. हॉलमधल्या ॲम्पपासून पडवीच्या टोकापर्यंत १५ मीटर वायर गेली तर जाऊन-येऊन ३० मीटर तांबं होतं. ०.५ स्क्वेअर एमएमची बारीक वायर असेल तर तिचाच साधारण १ ओहम रेझिस्टन्स होतो आणि ८ ओहमच्या स्पीकरला १ डीबीचा फटका बसतो. १.५ स्क्वेअर एमएमची घातली तर तोच फटका ०.४ डीबीच्या आत राहतो, मग विसरून जायचं. म्हणजे घरात फिटिंगवाला वापरतो तीच १.५ ची मल्टिस्ट्रँड वायर बास आहे, मोबाईलवर जाहिरातीत दिसणाऱ्या सोनेरी वायरी घेऊ नका.

मग पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस. लाल लालला आणि काळं काळ्याला सगळीकडे गेलंय ना, हे रंगावर जाऊन ठरवू नका कारण मध्ये कुठेतरी माळ्यावर कोणीतरी जोड मारलेला असतो आणि त्यात रंग बदललेला असतो. ॲम्पकडचं टोक सोडवा आणि तिथे साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लस लाल वायरीला आणि मायनस काळ्या वायरीला. दुसऱ्या माणसाला वूफरकडे, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या कागदाकडे बघायला सांगा. कागद बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटं आहे. सेल धरून ठेवायचा नाही, टेकवला आणि काढला. जोडीतला एक जरी उलटा असला तरी बास पातळ होतो आणि गाणाऱ्याचा आवाज समोरून न येता कुठून तरी हवेतून आल्यासारखा वाटतो, मग माणूस बॅलन्सची नॉब फिरवत बसतो आणि काही उपयोग होत नाही.

आता एका जोडीतलाच डावा हळू आणि उजवा मोठा असं असेल तर काही विकत आणायच्या आधी अदलाबदल करून बघा. ॲम्प बंद करा (चालू ठेवून वायरी हलवल्या आणि शॉर्ट झाली तर औटपुट गेलंच समजा), मग ॲम्पच्या मागे डाव्या स्पीकरची वायर उजव्या जागी आणि उजवीची डाव्या जागी लावा. आता वाजवा. खोलीतला तोच डावा स्पीकर अजूनही हळू असेल तर दोष स्पीकरमध्ये, त्याच्या वायरीत किंवा खोलीत आहे. हळूपणा उडी मारून उजवीकडे गेला तर दोष ॲम्पमध्ये किंवा त्याच्याही मागे. मग मोबाईलकडून किंवा डीव्हीडीकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा, हळूपणा परत हलला तर ॲम्प निर्दोष आणि गोंधळ पिनेत किंवा मोबाईलमध्ये. हसू नका, पण मोबाईलच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत डावा-उजवा बॅलन्सची पट्टी असते आणि पोरांचा हात लागून ती सरकलेली असणं अगदी शक्य आहे, आधी तीच बघा.

ॲम्पमध्येच दोष निघाला तर आपल्या हवेत दोन संशयित. एक ए-बी स्पीकर निवडायचा स्विच आणि बॅलन्सची नॉब, ॲम्प बंद करून यांना काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून भरपूर वेळा मागेपुढे फिरवलं की बऱ्याचदा सुधारतं. दुसरा संशयित रिले. ॲम्प चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी टक् असा आवाज येतो तो रिले, म्हणजे स्पीकर ॲम्पला जोडणारा आपोआप चालणारा स्विच. त्याचे काँटॅक्ट खराब झाले की एका बाजूचा आवाज दबलेला येतो आणि व्हॉल्यूम एकदम वाढवला की अचानक मोकळा होतो. हे लक्षण दिसलं तर रिपेअरवाल्याला रिले बदलायला सांगा, पॉलिशपेपर मारून दिलेला रिले फार दिवस चालत नाही.

हे सगळं झालं, आता मोजायचं. मोबाईलवर एसपीएल मीटरचं, म्हणजे आवाज डीबीत मोजणारं कुठलंही फुकट ॲप चालेल. मोबाईल खरा आकडा सांगत नाही हे बरोबर आहे पण आपल्याला खरा आकडा नकोच आहे, फरक हवाय, आणि एकाच मोबाईलने सगळं मोजलं तर फरक बऱ्यापैकी बरोबर येतो. ॲपमध्ये सी वेटिंग आणि स्लो निवडा. वाजवायचं काय, तर पिंक नॉइज, म्हणजे तो पाऊस पडल्यासारखा खळखळ आवाज, त्याची फाईल सहज मिळते, ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातली मिळाली तर अजून चांगलं कारण बासचे चढउतार त्यात येत नाहीत आणि आकडा कमी नाचतो. गाणं लावून मोजू नका, आकडा ढोलकीबरोबर उड्या मारतो. रोज ज्या व्हॉल्यूमवर ऐकता त्याच्या आसपास ठेवा, ७५ डीबीच्या जवळपास. अगदी हळू ठेवून मोजू नका, एक तर जुन्या व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबच्या मागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) डाव्या-उजव्या बाजू खालच्या टोकाला सारख्या नसतात आणि दुसरं म्हणजे हळू आवाजात कानाला बास कमीच ऐकू येतो, हे १९३३ सालीच फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलंय.

मोबाईल हातात धरून छातीशी नको, खुर्चीच्या पाठीवर किंवा ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, आणि एका वेळी एकच स्पीकर चालू. आकडा घ्या, मोबाईल वीतभर इकडेतिकडे हलवून परत घ्या, मधला धरा. आजूबाजूचा आवाज मोजायच्या आवाजापेक्षा निदान १० डीबीने खाली हवा, म्हणजे पंखा बंद, मिक्सर बंद. पत्र्यावर किंवा कौलांवर पाऊस कोसळत असताना हे काम होत नाही, रात्री रातकिडे असतात, दुपारी आजोबा झोपलेले असतात, तेव्हा सकाळी न्याहारीनंतरचा वेळ बरा. पंखा बंद करून आपल्याकडच्या दमटपणात घामाच्या धारा लागतील, त्याला इलाज नाही.

हॉलच्या जोडीत डाव्या-उजव्याचा फरक १ डीबीच्या आत आला की सोडून द्या. जास्त असेल तर आधी जागा बघा. आपल्याकडच्या जुन्या चिरेबंदी घरात हॉलच्या एका बाजूला कोपरा आणि दुसऱ्या बाजूला माजघराचं दार असं हमखास असतं, कोपऱ्यातला स्पीकर बासमध्ये फुगतो आणि दाराजवळचा हडकुळा वाजतो. कोपऱ्यातला फूट-दीड फूट बाहेर ओढा, दोघांची तोंडं बसायच्या जागेकडे वळवा, दोघांचं अंतर टेप लावून सारखं करा. एक बाजू सरकवायला जागाच नसेल (देवघर, टीव्हीचं कपाट, काहीही) तर मग बॅलन्सची नॉब आहेच, ती याचसाठी दिलेली आहे, मधोमधच ठेवली पाहिजे असा काही नियम नाही. शेवटची खात्री कानाने करा. मिडियम वेव्हवर आकाशवाणीच्या बातम्या लावा, ते मोनोच असतं, निवेदक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध बसलेला वाटला पाहिजे. जुन्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डीही मोनोच, त्याही चालतील.

आता मुख्य भांडण, पडवी. समजा ॲम्पची नॉब न हलवता हॉलमध्ये सोफ्यावर ७४ आले आणि पडवीत झोपाळ्यावर ८०. म्हणजे पडवीचे ६ डीबी खाली आणायचे. आधी स्पीकर वाशावरून लांब सरकवता येतो का बघा, उघड्यावर अंतर दुप्पट केलं की ६ डीबी जातात, पडवी तीन बाजूंनी उघडी असेल तर त्याच्या बरंच जवळ जाता येतं. जागा नसेल तर एल-पॅड.

एल-पॅड म्हणजे दोन रेझिस्टर. एक स्पीकरच्या प्लसच्या वाटेत सिरीजमध्ये, दुसरा स्पीकरच्या प्लस-मायनसला आडवा म्हणजे पॅरललमध्ये. ८ ओहमच्या स्पीकरला ६ डीबी कमी करायला सिरीजला ४ ओहम आणि पॅरललला ८ ओहम. ३ डीबी हवे असतील तर सिरीज २.२ आणि पॅरलल १८. १० डीबी हवे असतील तर सिरीज ५.६ आणि पॅरलल ३.९. स्पीकर ४ ओहमचा असेल तर सगळे आकडे निम्मे. मधला काही आकडा हवा असेल तर हिशोब असा, डीबीला २० ने भागा, १० चा तेवढा उणे घात काढा, त्याला के म्हणा, मग सिरीज म्हणजे ओहम गुणिले (१ वजा के) आणि पॅरलल म्हणजे ओहम गुणिले के भागिले (१ वजा के). दोन्ही मिळून ॲम्पला भार ८ ओहमचाच दिसतो, ही यातली गंमत.

६ डीबीसाठी एक सोपी युक्ती. ८.२ ओहम १० वॅटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर आणा, एका स्पीकरला तीन. दोन एकमेकांना पॅरलल जोडले की ४.१ ओहम आणि २० वॅट झाले, ते सिरीजला. तिसरा स्पीकरला आडवा. झाला ६ डीबीचा पॅड, जोडीला सहा नग, कणकवली-रत्नागिरीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नाही मिळाले तर येणाऱ्या कोणाला तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा. सिरीजला जास्त वॅट का, तर ॲम्पने २० वॅट दिले तर त्यातले १० सिरीजमध्ये जळतात, ५ आडव्यात आणि स्पीकरला ५ च मिळतात. गाण्याची सरासरी त्याच्या पुष्कळ खाली असते पण गणपतीत तासन्तास वाजणार म्हटल्यावर हात राखून घ्यावं. हे रेझिस्टर तापतात, तेव्हा वाशाला किंवा कापडाला टेकवून नको, भोकं असलेल्या पत्र्याच्या डबीत, आणि पागोळ्यांची झड लागणार नाही अशा जागी.

"दोन कशाला, एकच सिरीजला टाकतो" असं म्हणणारे भेटतील. आवाज कमी होईल पण स्पीकरचा स्वभाव बिघडेल. ८ ओहमचा स्पीकर सगळीकडे ८ नसतो, बासमध्ये एका ठिकाणी तो २०-३० ओहमवर चढतो, तिथे सिरीज रेझिस्टरचा परिणाम कमी होतो आणि तेवढाच बास बद्द करून वर येतो. एकट्या सिरीजने ६ डीबी उतरवायला ८ ओहम घालावे लागतात, म्हणजे स्पीकरच्या मागे ८ ओहम बसले. एल-पॅडमध्ये हेच २.७ च्या आसपास राहतात. शब्द स्वच्छ ऐकू यायचे असतील तर एल-पॅडच, नाहीतर शेजारचे काका म्हणतील तसं, "आवाज मोठो येता, पण शब्द कळणत नाय." रेडिओतला साधा कार्बन पॉट स्पीकरच्या वायरीत टाकला तर धूर निघेल. पंख्याचा रेग्युलेटर लावून बघ म्हणणाराही एखादा असतोच प्रत्येक वाडीत, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

फिरवायची नॉब असलेला तयार एल-पॅडही मिळतो, ५०-१०० वॅटचा, ८ ओहमचा असेल तर ८ ओहमच्याच स्पीकरला. हॉलच्या आतल्या भिंतीवर बसवणार असाल तर मस्त, रोज हवं तसं कमीजास्त करा. पण उघड्या पडवीत मी तो बसवणार नाही, त्याचा सरकता काँटॅक्ट दोन पावसाळ्यांत खरखरायला लागतो, तिथे न फिरणारे ठरलेल्या आकड्याचे रेझिस्टर बरे. आणि पडवी नेमकी हॉलइतकीच मोठी वाजली पाहिजे असंही काही नाही, तिथे माणसं गजालीला बसतात, २-३ डीबी कमीच असलेलं त्यांना आवडतं.

एक तपासणी विसरू नका. ए आणि बी दोन्ही जोड्या एकदम चालू केल्या की बहुतेक ॲम्पमध्ये त्या पॅरलल होतात, ८ आणि ८ चे ४ ओहम. ॲम्पच्या मागे "ए किंवा बी" साठी वेगळा आणि "ए+बी" साठी वेगळा ओहमचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. ए+बी ला प्रत्येक जोडी ८ ओहमची हवी लिहिलं असेल आणि पडवीत ४ ओहमचे असतील तर ॲम्प तापणार, एल-पॅडने तो भार सुधारत नाही.

तुमच्याकडे ५.१ चा रिसीव्हर आणि पाच पॅसिव्ह स्पीकर असतील तर काम सोपं आहे कारण प्रत्येक स्पीकरला आत वेगळा ॲम्प असतो आणि लेव्हल मेनूतूनच वरखाली होते, रेझिस्टर वगैरे काही नको. टेस्ट टोन लावा, पुढचा डावा शून्यावर धरा, बाकीचे मोबाईल बघून त्याच्याबरोबर आणा. ऑडिसी, वायपीएओ, एमसीएसीसी असं काही लेव्हल आपोआप जुळवणारं असेल तर माईक कानाच्या उंचीला ठेवून चालवा आणि नंतर सेंटर स्पीकर १-२ डीबी वर घ्या, सिनेमातले संवाद कळायला लागतात. सबवूफरची लेव्हल मात्र मोबाईलने ठरवू नका, मोबाईलचा माईक खालचा बास नीट पकडत नाही, ओळखीचं गाणं लावून कानाने ठरवा.

सगळं जमल्यावर ॲम्पवर बॅलन्सच्या नॉबशी पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि मोजलेले आकडे एका कागदावर लिहून ॲम्पच्या बुडाला चिकटवा, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी फिरवलं तरी परत आणता येईल. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की वायरींची टोकं आणि बास पोर्टची भोकं बघा (कुंभारमाशी आत मातीचं घर करते आणि बास जातो), काळी टोकं कापून नवी सोला आणि मग परत मोजा, फरक १ डीबीच्या आत असेल तर एल-पॅडला हात लावू नका.